सुट्या बुटांची वरमाई

बुटांच्या त्या कारखान्यात तिला खऱ्या नावाने हाक मारणारा एकच माणूस उरला होता, पगाराच्या खिडकीतला कारकून. आणि तोही आधी कागदात बघून घेत असे. बाकी सगळ्यांची ती वरमाई.

हे नाव तिला तिच्या टेबलामुळे पडलं. कारखान्यात डावे बूट एका रांगेवर तयार होत आणि उजवे दुसऱ्या. चामडं कापून, शिवून, साच्यावर ताणून, सोल चिकटवून दोघे आपापल्या वाटेने येत आणि एकमेकांचं तोंड पहिल्यांदा पाहत ते वरमाईच्या टेबलावर. ती डाव्याशेजारी उजवा ठेवी, रंग जुळतो का बघे, टाचेवरून बोट फिरवी, शिवण नाकाजवळ नेऊन तपासे, आणि पटलं तर दोघांच्या नाड्या एकमेकींना बांधून खोक्यात घाली. याला तिथे ‘लग्न लावणं’ म्हणत. पण तिची तपासायची तऱ्हा लग्न लावणाऱ्याची नव्हती. मुलाकडच्या बाईने मुलीचं घर बघायला यावं, प्रत्येक गोष्टीत खोट काढावी, नाक मुरडावं आणि शेवटी पसंत केलंच तर उपकार केल्यासारखं करावं, तसं चाले. म्हणून वरमाई.

स्वतःचं लग्न मात्र तिला असं तपासायला मिळालं नव्हतं. नवरा परगावी कामाला गेला आणि तिकडेच रमला. कुठे राहतो, कोणाबरोबर राहतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो हरवला असंही म्हणता येईना. मागे राहिली होती वरमाईची धाकटी बहीण. तिला वरमाईने वाढवलं, शिकवलं आणि उजवलं. तिथेही जोडी नीट तपासायची राहून गेली, असं तिचं मत होतं. पण त्याबद्दल पुढे येईलच.

तिच्या टेबलामागे खिडकीशी जल्लाद बसे. मोडीत निघालेले बूट रापीने कापून टाकायचे हे त्याचं काम. रापी म्हणजे चामडं कापायची ती रुंद, पोटात धार असलेली सुरी. बूट कापताना तो गाणी म्हणे, सुरात नव्हे पण मनापासून. घरी त्याची सासू राहत असे आणि तिच्यासमोर त्याच्या तोंडून आवाज फुटत नसे. त्यामुळे दिवसभराचं बोलणं तो कारखान्यातच उरकून घेई.

“काय वरमाई, आज किती जणांचं वाटोळं केलंत?”

“तुझ्या हातून मरण्यापेक्षा लग्न बरं म्हणतात ते.”

“विचारलंत का त्यांना? मेलेले कधी तक्रार करत नाहीत. तुमचे बघा, वर्षाच्या आत परत येतात.”

आता वरमाईची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीतून झालं. जोडीतला एक बूट बिघडलेला निघाला, सोल वाकडा बसला किंवा चामड्यावर डाग आला, तर नियमाप्रमाणे दोन्ही बूट जल्लादकडे जायचे. वरमाईच्या जिवाला ते लागे. चांगला धडधाकट डावा बूट, त्याने काय पाप केलं? ती तो टेबलाखालच्या लाकडी पेटीत ठेवून देई. मग कधीतरी त्याच मापाचा, त्याच रंगाचा एखादा उजवा आपला डावा गमावून एकटा उरे, आणि वरमाई दोघांची गाठ घालून देई. त्या पेटीला जल्लादने ‘वधूवर सूचक मंडळ’ असं नाव दिलं होतं. जुन्या फोरमनला हे माहीत होतं. तो पेटीवरून पाय ओलांडून पुढे जाई आणि खाली बघत नसे.

मग कारखान्याच्या बुटांना नाव झालं आणि गल्लीबोळांतून त्यांचे जुळे भाऊ निघाले. तेच खोकं, तोच छाप, आत मात्र पुठ्ठा. शिवाय खरे बूटही नको त्या दुकानांत सापडू लागले. एका शहरासाठी स्वस्तात दिलेले दुसऱ्या शहरात महाग विकले जात. तेव्हा मोठ्या ऑफिसातून एक साहेब आले. उन्हाळ्यातही गळ्यात टाय, म्हणून टायसाहेब. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं करून शर्टाच्या बटणाएवढी एक काळी चकती दाखवली.

“ही प्रत्येक बुटाच्या सुखतळ्याखाली बसणार,” ते म्हणाले. “डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. वरमा... या बाई आपल्या टेबलावर तपासणीच्या आधीच दोन्ही बूट स्कॅनरला लावतील, आणि कॉम्प्युटरमध्ये त्या जोडीची नोंद होईल. कुठे बनली, कधी बनली, कोणत्या दुकानाला गेली. गिऱ्हाइकाने बुटाला फोन लावला की सगळं समोर. वर्षाच्या आत सोल निघाला तर आपलं दुकान जोडी बदलून देणार, काही न विचारता. बुटाला आता ओळख आहे. माणसापेक्षा पक्की.”

“साहेब,” जल्लाद मागून म्हणाला, “माझे सासरे एका दाखल्यासाठी किती वर्षं हेलपाटे घालतायत. त्यांच्या टाचेत एक बसवता येईल का?”

टायसाहेबही हसले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग त्यांनी एका बुटाला फोन लावून दाखवला. फोनवर फुलांचा सडा पडला आणि आतून एक गोड बाई म्हणाली, “अभिनंदन! आपले बूट अस्सल आहेत.”

वरमाईने हात वर केला. “यातला एक नासका निघाला तर?”

“दोन्ही मोडीत. चकत्या काढायच्या, कॉम्प्युटरवर त्यांचे नंबर बंद करायचे, बूट कापायचे. ते काम यांचं.” साहेबांनी जल्लादकडे बोट केलं.

“आणि चांगल्या राहिलेल्याचं दुसरं लग्न?”

टायसाहेबांना कोणीतरी कानात सांगावं लागलं. मग ते म्हणाले, “तशी सोय सिस्टिममध्ये नाही. एकदा जोडी लागली की लागली.”

“म्हणजे एकाला ताप आला म्हणून दोघांना पुरायचं?”

“बाई, ही बुटांची जोडी आहे.”

“म्हणूनच बोलतेय. माणसांची असती तर मी मध्ये पडले नसते.”

सगळे हसले आणि विषय तिथे संपला. सगळ्यांसाठी संपला, वरमाईसाठी नाही. तिने दोनच दिवसांत वाट काढली, आणि ती वाट अगदी सोपी होती. समजा पहिल्या जोडीतला उजवा नासला आणि दुसऱ्या जोडीतला डावा. वरमाई पहिल्या जोडीच्या नासक्या उजव्यातली चकती काढी आणि दुसऱ्या जोडीच्या चांगल्या उजव्यात बसवी. झालं! कॉम्प्युटरला वाटे पहिली जोडी सुखरूप आहे; आणि ती होतीही. राहिले दोन नासके बूट. त्यांना ती चकतीशिवाय जल्लादच्या टोपलीत टाकी. चकतीच नाही म्हटल्यावर तोही नंबर बंद करायच्या भानगडीत न पडता गाणं म्हणत कापून टाकी.

पण दुसऱ्या जोडीच्या दोन चकत्या उरत. त्या जल्लादला द्याव्यात तर त्याला कारण लिहावं लागे, आणि कारण लिहिलं की दुसऱ्या लग्नाचं बिंग फुटे. फेकाव्यात, तर वरमाईने आयुष्यात टाचणीसुद्धा फेकली नव्हती. त्या ती रुमालात बांधून घरी नेई आणि रिकाम्या पावडरच्या डब्यात टाकी. डबा फळीवर, बटणांच्या डब्याशेजारी. कधीतरी लागतील. कशाला लागतील हे तिने स्वतःला विचारलं नाही. बटणांनाही कधी विचारलं नव्हतं.

आता जावईबापू. धाकट्या बहिणीचा नवरा, पण वरमाई त्याला जावईबापूच म्हणे, आणि असं म्हणे की त्याला तो मान आहे की टोमणा ते शेवटपर्यंत कळू नये. रविवारच्या बाजारात त्याचं दुकान होतं. पट्टे, पाकिटं, बूट. सगळा माल नामांकित कंपन्यांचा. फक्त त्या कंपन्यांना ते माहीत नव्हतं. माणूस हसरा, हाताने कामसू, कोणाच्याही घरी काही मोडलं की हत्यारं घेऊन हजर. वरमाईच्या घरी मात्र त्याने आपले बूट उंबऱ्याच्या बाहेर काढायचे, असा दंडक होता. “असल्या बुटांची सावली माझ्या घरात नको,” असं ती तोंडावर म्हणे. तो हसून बाहेर काढी.

एके दिवशी तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, आणि जावईबापू आले.

“ताई, वायसर आहे का घरात?”

“फळीवर डबा आहे, त्यात बघा. बटणांच्यात असेल एखादा.”

त्याने हाताला लागला तो डबा उघडला. उजेडासाठी फोन आत धरला. डब्यातून आवाज आला, “अभिनंदन! आपले बूट अस्सल आहेत.” त्याने फोन हलवला. “अभिनंदन!”

“ताई,” तो आतून ओरडला, “तुमचा पावडरचा डबा अस्सल बूट आहे म्हणतोय!”

“ठेवा तो खाली. कारखान्यातला कचरा आहे.”

“कचराच ना?”

“कचराच. आणि तोंडाने बोलायचं कमी करा, पाणी जातंय.”

जावईबापूंनी नळ दुरुस्त केला. पुढे तो पुन्हा गळला. मग पुन्हा. त्या वर्षी तो नळ सारखा गळत राहिला, आणि दर वेळी जावईबापू न कंटाळता आले. वरमाई मनात म्हणाली, माल खोटा विकत असला तरी माणूस नात्याला जागतो. नळ सैल कोण करून जात होतं, हे तिच्या मनातही आलं नाही. शेजारणीच्या मात्र आलं होतं. पण तिला तो देखणा वाटे, म्हणून ती गप्प राहिली.

मग कंपनीच्या दुकानांतून विचित्र बातम्या येऊ लागल्या. लोक सोल निघालेले बूट घेऊन येत. बूट बघितले तर सरळसरळ नकली, आत पुठ्ठा. फोन लावला तर फुलं पडत. नियम म्हणजे नियम. दुकानदार तोंड वाकडं करून नवी, खरी जोडी देई. ही गोष्ट लपून थोडीच राहते! रविवारच्या बाजारात एका विशिष्ट दुकानापुढे गर्दी वाढली. नकली बूट घ्या, पंधरा दिवस घाला, आणि अस्सल घेऊन घरी जा. इतकं प्रामाणिक खोटं दुकान लोकांनी पाहिलं नव्हतं.

कॉम्प्युटर म्हणत होता की त्या जोड्या कारखान्याच्या गोदामातून बाहेरच पडलेल्या नाहीत. गोदामात त्या नव्हत्या. टायसाहेब पुन्हा आले, या वेळी न हसता, आणि थेट जल्लादच्या खिडकीशी गेले.

“मोडीतल्या बुटांच्या चकत्या कोण काढतं?”

“मी.”

“मग या नंबरांच्या चकत्या बाजारात कशा गेल्या?”

“साहेब, माझ्याकडे काही बूट बिनचकतीचेच येतात.”

“कुठून?”

जल्लादने वरमाईच्या टेबलाकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. “वरून येतात,” तो म्हणाला.

साहेबांनी त्याला सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर नाव सांगायचं. नाही तर नोकरी गेली, आणि पोलिसांत तक्रार वेगळी.

वरमाईचे हात दिवसभर बुटांवर होते पण एकाही जोडीत तिने खोट काढली नाही, आणि हे पाहून आजूबाजूच्या बायका घाबरल्या. सुटी झाल्यावर तिने जल्लादला फाटकापाशी गाठलं.

“माझं नाव का नाही घेतलंस?”

“घेणार होतो. जिभेवर आलं होतं.”

“मग?”

“मग तुम्ही कसलं तोंड केलंत! सूनबाई पळून गेल्यासारखं.” तो थोडा वेळ सायकलच्या घंटेशी चाळा करत राहिला. “वरमाई, थट्टा सोडा. नोकरी गेली तर मला दिवसभर घरी सासूसमोर बसावं लागेल. तेवढं बघा काहीतरी. पण त्या चकत्या विकल्यात हो कशाला? मला सांगितलं असतंत तर अर्धा वाटा तरी...”

“मी विकेन? मी?” वरमाईचा आवाज इतका चढला की पहारेकरी उठून उभा राहिला. “त्या माझ्या घरी डब्यात आहेत. सगळ्याच्या सगळ्या.”

घरी येऊन तिने डबा खाली काढला. हलवला. खुळखुळ नेहमीसारखीच होती. झाकण उघडलं. वर पाचसहा चकत्या होत्या, आणि त्यांच्याखाली तळापर्यंत नळाचे वायसर भरले होते. स्वयंपाकघरात नळ टपटपत होता.

रविवारी बाजार भरला तशी वरमाई तिथे जाऊन उभी राहिली. धाकटी गल्ल्यावर होती. जावईबापू दोन्ही हातांत बूट नाचवत गिऱ्हाइकांना बोलावत होते. ताईला पाहून त्यांचा आवाज अर्ध्यावर थांबला, पण हसू तसंच राहिलं.

“या ताई, या! अगं, स्टूल दे ताईला.”

“डब्यात वायसर कोणी भरले?”

“नळ नाही ना आता गळत?”

“गळतोय.”

“मग येतो ना बघायला.”

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “लोकांसमोर नको गं.”

“लोकांसमोरच. लोकांना फुलं दिसतात ना फोनवर? कुठल्या बागेतली आहेत ते तरी कळू दे.”

“ताई, तुम्हीच म्हणालात कचरा आहे,” जावईबापू म्हणाले. “कचरा उचलणं हा गुन्हा आहे का? आणि नुकसान कोणाचं झालं, ते सांगा. मी खूश, गिऱ्हाईक खूश. सोल उखडला की कंपनी नवी जोडी देते. एक प्रकारे मी कंपनीची जाहिरातच करतोय.”

“तुझ्या जाहिरातीपायी आमच्या एका माणसाची नोकरी चाललीय,” वरमाई म्हणाली. ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलेली ऐकून धाकटीने गल्ल्याचं झाकण लावलं.

“तो कोण?”

“आहे एक. बूट कापतो. तुझ्यापेक्षा हजार पटीने...” वाक्य तिथेच राहिलं, कारण गर्दीतून एक बाई पुढे आली होती. इस्पितळातली नर्स असावी. अंगात तो पांढरा कोट, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, उजव्या हातात पिशवी. पिशवीतून तिने बुटांची जोडी काढून फळीवर ठेवली.

“हे परत घ्या,” ती म्हणाली.

“बाई, कंपनीच्या दुकानात जा, नवे देतात,” जावईबापू लगबगीने म्हणाले.

“मला नवे नकोत. ओल्या फरशीवर पाय सटकला. आमच्याकडे फरशी सदा ओलीच असते, म्हणून तर चांगले बूट घ्यायला निघाले होते. इथे स्वस्त मिळाले. घेताना फोन लावून बघितला होता मी. फुलं पडली. म्हटलं, माणूस खोटं बोलेल, फोन कशाला बोलेल?”

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर वरमाईला बरं वाटलं असतं.

वरमाईने डावा बूट हातात घेतला. शिवण बघितली, टाच दाबली, सुखतळा उचकटून चकती बाहेर काढली आणि नर्सच्याच फोनला लावली. फुलं पडली, आणि खाली बारीक अक्षरांत आलं: उजवा बूट.

“डाव्यात उजव्याची चकती!” वरमाई किंचाळली. “अरे मेल्या, चोरी केलीस ती केलीस, निदान डाव्यात डावी तरी घालायचीस! माझ्या हातच्या जोड्या या! असला धडा कोणी शिकवला तुला?”

जावईबापू पहिल्यांदा ओशाळले. बाजूचे लोक खो खो हसले. नर्स हसली नाही. तिने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने जरा वर धरला, तो जड होत असावा. वरमाईने ते पाहिलं आणि तिच्या तोंडातलं पुढचं वाक्य, जे फार चांगलं होतं, तिथेच राहिलं. फोनवर बोलणारी ती गोड बाई कोण, हे तिला आत्ता कळलं. टेबलावर बसून ‘हे अस्सल आहे’ असं ती स्वतःच म्हणत आली होती. आणि नर्सने विश्वास ठेवला होता तो तिच्या शब्दावर.

“पोतं दे,” ती धाकटीला म्हणाली. “बूट जेवढे आहेत तेवढे त्यात भर.”

“ताई, अगं घर कशावर चालवायचं आम्ही?”

“पट्टे विका. त्यात डावं-उजवं नसतं, यांना जमेल.”

सोमवारी सकाळी टायसाहेबांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी, पावडरचा डबा येऊन बसला. पोतं खाली.

“नाव सांगायला आलात?” साहेब म्हणाले.

“नाव तुम्हाला पगाराच्या खिडकीत मिळेल. कोणाला पाठ नाही. त्या जल्लादने काही केलेलं नाही. चकत्या मी काढल्या, घरी मी नेल्या. विकल्या मात्र नाहीत.”

मग तिने सगळं सांगितलं. पहिली जोडी, दुसरी जोडी, पेटी, डबा, नळ. साहेबांना दुसरं लग्न समजावं म्हणून तिने त्यांचा कप, बशी आणि दुसऱ्या एका टेबलावरचा कप आणून मांडून दाखवला. साहेबांना पहिल्याच झटक्यात कळलं होतं, पण त्यांनी तिला पूर्ण बोलू दिलं.

“का केलंत?”

“चांगला बूट होता म्हणून.”

“बाई,” साहेब म्हणाले, “दर वेळी तुम्ही एक जोडी वाचवलीत आणि मागे एक भूत सोडलंत. अंग नसलेली ओळख. ती कुठल्याही अंगात शिरते. नंबर बंद केला असता तर बाजारात काय, कुठेच काही झालं नसतं.”

हे तिला पटलं, आणि पटलं म्हणून रागही आला. “आणि दुसऱ्या लग्नाची सोय ठेवली असतीत तर मला भुतं सोडावी लागली नसती.”

साहेबांनी कपाकडे पाहिलं. मग बशीकडे. “तेही खरं आहे,” ते म्हणाले. “दुकान कोणाचं?”

“ते बाजारात कोणीही सांगेल. माझ्या तोंडून वदवू नका, मला त्या घरी जेवायला जावं लागतं. त्याआधी एक नर्स आहे, तिचा हात मोडलाय. तिचं आधी बघा. तिला फुलं दाखवणारी मी आहे.”

झालं ते असं. नर्सच्या उपचाराचा खर्च कंपनीने दिला आणि खरे, न घसरणारे बूटही. ते वरमाईने स्वतः निवडले आणि इतक्या खोटी काढल्या की गोदामवाला रडकुंडीला आला. पोलिसांत कोणी गेलं नाही. ते दयेपोटी नव्हे. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर फोनवरच्या फुलांकडे पुन्हा कोणी बघितलं नसतं, हे टायसाहेबांना चांगलं कळत होतं. जावईबापूंकडून त्यांनी लिहून घेतलं, आणि तेव्हापासून जावईबापू पट्टे विकतात. जल्लाद आपल्या जागी राहिला. सासूचं संकट टळलं.

वरमाईची खुर्ची मात्र गेली. जोड्या लावायला तिच्या हाताखालची एक तरुण बाई बसली. वरमाईला साहेबांनी मागे पाठवलं, खिडकीशी, जल्लादच्या शेजारी. चकत्या काढायच्या, नंबर बंद करायचे, बूट कापायचे. “नंबर बंद करणं किती महत्त्वाचं आहे हे कारखान्यात सगळ्यांत जास्त तुम्हालाच कळलंय,” असं ते म्हणाले. ही शिक्षा होती की बढती, यावर बायकांमध्ये बरेच दिवस वाद झाला.

पहिल्या दिवशी पुढ्यात आलं ते बाजारातलं पोतं.

“रापी अशी धरायची,” जल्लाद म्हणाला. “आणि डोळे उघडे ठेवा. मिटलेत तर बूट वाचेल, बोट जाईल.”

“तू गाणं म्हणू नकोस म्हणजे झालं.”

तिने पहिला बूट उचलला. नर्सचा डावा. चकतीला फोन लावला. फुलं पडली, अभिनंदन झालं. तिने कॉम्प्युटरवर नंबर शोधला, बंद केला आणि पुन्हा फोन लावला. आता फुलं नव्हती. ती गोड बाई म्हणाली, “असा बूट अस्तित्वात नाही.”

“घ्या,” जल्लाद म्हणाला. “मग आता कापायचं कोणाला?”

“हातात आहे त्याला,” वरमाई म्हणाली, आणि डोळे उघडे ठेवून रापी चालवली. कापताना पुठ्ठा कुरकुरला. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही, पोतं संपेपर्यंत तिचा हात चांगला बसला होता.

पुढे काही आठवड्यांनी पुढच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक नवीन बटण आलं. त्यावर ‘पुनर्जोडणी’ असं लिहिलं आहे, पण ते दाबताना सगळ्या म्हणतात, “दुसरं लग्न लावते गं.” ते दाबलं की दोन सुटे बूट नव्या नंबरावर एकत्र येतात आणि जुने नंबर आपोआप बंद होतात. नवी बाई अजून अडली की मागे वळून विचारते, आणि वरमाई जागेवरूनच सांगते, “रंग बघ रंग! आंधळी आहेस का? असली सून मी दारात उभी केली नसती.” लाकडी पेटी आता पुढे, उजेडात, टेबलावर असते.

राहता राहिला नळ. तो तिने बाहेरून नळवाला बोलावून, पैसे मोजून दुरुस्त करून घेतला. वायसर मात्र घरचेच दिले. डबाभर होते.